पत्ता सिडकोचा

कॉलेज रोडच्या कट्ट्यावर नवीन ओळख झाली की प्रश्न ठरलेला, ‘राहतोस कुठं?’ गंगापूर रोडवाला पटकन सांगून मोकळा होतो. आपला सिडकोवाला मात्र ‘त्रिमूर्ती चौकाच्या जरा पुढं’ असं गोलमोल काहीतरी बोलतो. महापालिकेच्या कागदावर ‘नवीन नाशिक’ आहे म्हणून कुणी तेही ठोकून देतो! एवढं लपवण्यासारखं काय आहे त्या पत्त्यात?

आधी सातपूर आणि मग अंबडची एमआयडीसी आली, तसे खानदेशातून, कसमादेतून तरुण कामाला आले. तेव्हाचे ते तरुण म्हणजे तुमचे आजोबा. भाड्याच्या खोलीत किती दिवस काढणार? १९७० साली स्थापन झालेल्या सिडको महामंडळानं मुंबई-आग्रा महामार्गाच्या पलीकडं एकामागून एक सहा योजना उभ्या केल्या. घरं लहानच होती, कुणाचं तर एक खोली आणि स्वयंपाकघर, बस. पण नकाशात नुसती घरं नव्हती. शाळेची जागा, मैदान, बाजार, मोकळे भूखंड हेही होतं. घर लहान चाललं, कारण पोरं मैदानावर असायची आणि आजी समोरच्या ओट्यावर.

पुढं कुटुंबं वाढली. एका मुलाचं लग्न झालं, वर स्लॅब पडला. दुसऱ्याचं झालं, जिना बाहेर काढावा लागला. याला नुसतं ‘अतिक्रमण’ म्हणून नाक मुरडणं सोपं आहे. माणसं वाढली, घराचं माप मात्र तेच राहिलं, मग करणार काय? तरीही हिशेब मांडायलाच हवा. आजोबांनी ओटा वाढवला, वडिलांनी जिना काढला आणि आपण तिथं बुलेट लावली. आता रात्री गल्लीत आग लागली तर अग्निशमनचा बंब कुठपर्यंत येईल, एकदा बघा. आजोबांच्या काळात निदान सायकल तरी होती.

मोकळ्या जागांचंही तसंच. पेलिकन पार्क आठवतं? गाजावाजा करून सुरू झालं, बंद पडलं आणि एवढी मोठी जागा वर्षानुवर्षं झाडाझुडपांत पडून राहिली. तिथं पुन्हा उद्यान उभारायचं काम फार उशिरा हाती घेतलं गेलं. मधल्या काळात एक अख्खी पिढी मैदानाऐवजी गल्लीतच क्रिकेट खेळली आणि काचांवरून शिव्या खाल्ल्या.

हे सगळं आत्ताच का? कारण बऱ्याच घरांत सध्या हा विषय चालू आहे : ‘हे विकू, पाथर्डी फाट्याकडं टू-बीएचके घेऊ.’ त्या बोलण्यात तुम्ही मोबाईल बाजूला ठेवून बसा. लिफ्ट, पार्किंग, स्वतंत्र खोली, हे सगळं खरंच हवंय. त्यात लाज नाही. पण कागदाच्या दुसऱ्या बाजूलाही लिहा. आज आई भाजीला चालत जाते. आजी एकटी डॉक्टरकडं जाऊन येते. उत्तमनगरच्या वावरे कॉलेजला कित्येक जण पायी जातात. सिटीलिंकची बस चौकात मिळते. नव्या घरी यातलं काय चालत होईल आणि कशाला रिक्षा लागेल? आजीला ‘मला जरा सोडतोस का रे?’ म्हणून तुमची वाट बघावी लागली, तर त्या फ्लॅटची किंमत ब्रोकर सांगतो तेवढीच राहत नाही.

विकायचं ठरलंच, तर आधी कागद काढा. ही घरं भाडेपट्ट्यावर दिलेली आहेत. हस्तांतराची परवानगी, वरच्या मजल्याची मंजुरी, जुने करार कपाटात कुठंतरी असतील. वडिलांना कामावरून सुट्टी मिळत नाही. तुम्हाला लेक्चर बुडवायला कारण लागतच नाही.

आणि राहायचंच ठरलं, तर एक काम ताबडतोब होण्यासारखं आहे. आपल्या गल्लीत किती गाड्या उभ्या राहतात ते मोजा, त्यातल्या न चालणाऱ्या किती तेही लिहा. भंगार झालेली ती स्कूटर पहिली हलवा. शेजारच्या काकांची असेल तर काकांना तुम्हीच विचारा, वडिलांना मध्ये घालू नका. त्यांचं आणि काकांचं जिन्यावरून आधीच वाजलेलं आहे.