‘चालतंय ना’ एवढ्यावर भागणार नाही



‘संगणक चालतोय, मग नवी विंडोज कशाला?’ हे पत्र वाचले. कंपन्यांना नवी यंत्रे खपवायची असतात, हा पत्रलेखकांचा संशय रास्तच आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि साधारण २०१८ पासूनचा प्रोसेसर लागतो. त्यापायी धडधाकट यंत्रेही बाद ठरतात.

पण पुढचा निष्कर्ष पटत नाही. विंडोज १० च्या सुरक्षा-अपडेटची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. जादा मुदतीची नोंदणी न केलेल्या संगणकांत नव्याने सापडणारी भगदाडे आता कोणी बुजवत नाही. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ व्हायरसने न्हावा-शेव्याच्या बंदरातले एक टर्मिनल ठप्प केले. हा व्हायरस ज्या वाटांनी पसरला, त्यांतल्या एकीवरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता!

आमच्या ओझरला विमान कारखाना, त्यामुळे सुट्या भागांच्या वर्कशॉपचे जग आम्हाला परके नाही. सीएनसी यंत्राला जोडलेला जुना विंडोज एक्सपीचा संगणक असेल, तर त्याला हात लावू नये, याच मताचा मी आहे. यंत्राचे सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालेलच असे नाही. फक्त त्याचे इंटरनेट काढा आणि पेनड्राइव्ह तपासूनच लावा.

जीएसटी आणि बँकेच्या कामाच्या संगणकावरची जुनी विंडोज मात्र बदलाच. विंडोज ११ झेपत नसेल, तर लिनक्स मिंट फुकट आहे (टॅलीवाल्यांची तिथे अडचण होईल, हे खरे). आधी सगळा डेटा वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवा, आणि ३१ मार्चच्या तोंडावर हे काम काढू नका.

– एक वाचक, ओझर (जि. नाशिक)