वचन शेलचं, माज बॅशचा!

'उबुंटूने शेल बदललं आणि आमची स्क्रिप्ट मोडली' हे रडगाणं २००६ पासून ऐकू येतंय. बास झालं आता!

पहिल्या ओळीत /बिन/एसएच लिहिलंत, म्हणजे पॉझिक्सच्या चौकटीत राहायचं वचन दिलंत. आणि खाली काय? दुहेरी चौकटी कंस, अ‍ॅरे, सगळा बॅशचा मसाला! उबुंटू ६.१० मध्ये /बिन/एसएच बॅशऐवजी डॅशकडे वळवलं, कारण डॅश लहान आणि चपळ, बूट लवकर होतं. डेबियननेही २०११ च्या ६.० आवृत्तीत तेच केलं. बॅश कुणी काढून नेलं नाही. हवंय ना? मग /बिन/बॅश असं स्पष्ट लिहा की राव!

एनकोडिंगचंही तेच. लॉगिन केल्यावर तुम्हाला लोकेल आयतं मिळतं; बूटच्या वेळी चालणाऱ्या स्क्रिप्टला बरेचदा नुसतं 'सी' लोकेल. म्हणून हाताने चालवली की 'सुधीर' नीट छापलं जातं आणि रीबूटनंतर जावाच्या लॉगमध्ये पाच प्रश्नचिन्हं!

यावर शहाण्यांचा सल्ला: 'नावं इंग्रजीतच ठेवा.' का म्हणून? एलसी_ऑल मध्ये सी.यूटीएफ-८ घालून एक्स्पोर्ट करायची एक ओळ तुम्हाला जड, म्हणून सुधीरने आपलं नाव बदलायचं?

'माझ्याकडे चालतं' म्हणण्याआधी 'एन्व्ह -आय' लावून, रिकाम्या एन्व्हायर्नमेंटमध्ये, डॅशखाली स्क्रिप्ट चालवून बघा. तिथे चाललं तरच चाललं म्हणा.