आधी बटण, मग बाराखडी

दिवाळी संपली की शहरांतल्या मध्यमवर्गीय घरांतून एक नवीच लगबग सुरू होते. पुढच्या जूनमध्ये बालवर्गात जायचे असलेले तीन वर्षांचे मूल पाहुण्यांसमोर उभे केले जाते. 'काकांना रंग सांग', 'आजीला ए-बी-सी-डी म्हणून दाखव'. मूल दाखवते, पाहुणे कौतुक करतात आणि आईबाबांच्या जिवात जीव येतो. चला, शाळेची तयारी झाली! मात्र त्याच मुलाला अजून बटण लावता येत नाही, भरवल्याशिवाय ते जेवत नाही आणि शूला लागली हे परक्या माणसाला सांगायची वेळ त्याच्यावर कधी आलेलीच नाही. मग ही तयारी नेमकी कशाची?

जूनच्या पहिल्या आठवड्यांत मुलाला किती अक्षरे येतात यावाचून बालवर्गातल्या बाईंचे काही अडत नाही. अडते ते डबा उघडता येत नाही तेव्हा, चड्डी ओली होते तेव्हा आणि आई दिसेनाशी झाली की ती परत येणार आहे याची मुलाला खात्री नसते तेव्हा. रडून रडून दमलेल्या मुलाच्या कानावर कोणतीही कविता पडत नाही. म्हणून तयारीचा पहिला धडा विश्वासाचा. मूल खेळात गुंतले असताना गुपचूप पळ काढू नये. 'मी जाते, तुझा डबा खाऊन झाला की येते,' असे सांगून जावे आणि सांगितल्या वेळी यावे. मावशीकडे, शेजारी, असे थोडे थोडे आधीपासून केले तर शाळेचे दार मुलाला तितके भयंकर वाटत नाही.

दुसरा धडा हाताचा. तीन वर्षांच्या मुलाकडून पाटीवर 'अ' गिरवून घेण्याची आपल्याला कोण घाई! पण निसर्गाला ती नाही. मनगटातली आठ छोटी हाडे जन्माच्या वेळी कूर्चेचीच असतात. ती एकेक करून घट्ट होत जातात आणि शेवटच्या हाडाची पाळी तर साधारण आठव्या वर्षानंतर येते. या कोवळ्या हाताला पेन्सिलीआधी दुसरे व्यायाम हवे असतात, आणि ते आपल्या स्वयंपाकघरात फुकट मिळतात. मटार सोलणे, कणकेचा गोळा मळणे, लसूण निवडणे, भांड्यातले पाणी पेल्यात ओतणे. पाणी सांडेल, कणीक जमिनीवर पडेल. सांडू द्यावे आणि पुसायचे फडकेही मुलाच्याच हाती द्यावे.

तिसरा धडा बोलण्याचा. मराठी घरातले मूल इंग्रजी माध्यमात घालायचे ठरले की आईबाबा त्याच्याशी तुटक इंग्रजीत बोलू लागतात. 'बनाना इट कर', 'हँड वॉश कर'. यातून इंग्रजी येत नाहीच, वर मराठीही अर्धवट राहते. काय दुखते, कोणी ढकलले, काय नको आहे, हे पूर्ण वाक्यात सांगता येणे ही मुलाची खरी शिदोरी. ती घरच्या भाषेतच बांधली जाते. रोज एक गोष्ट, जेवताना दोन गप्पा आणि मूल बोलत असताना मोबाइल बाजूला, एवढे केले तरी पुष्कळ.

हे काही नवे शास्त्र नव्हे. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे अनुताई वाघ यांच्यासह बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या आदिवासी मुलांमध्ये काम केले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. तिथे मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे हेच शिक्षण होते. पाने, बिया, शंख-शिंपले हीच साधने होती. मूल शाळेला लायक आहे का, हे त्यांनी विचारले नाही. शाळा मुलाला लायक केली.

आणि आपण? यशपाल समितीने १९९३ मध्येच बालवर्गाच्या प्रवेशासाठी चाचण्या आणि मुलाखती बंद कराव्यात, असे सुचवले होते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळाप्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेण्यास मनाई केली. तरी बालवर्गाच्या दारात 'नुसती ओळख करून घेतो' या गोंडस नावाखाली काही ठिकाणी तेच चालते. याचा दोष एकट्या शाळांना देऊन भागणार नाही. 'तीन वर्षांत वाचन-लेखन' अशी जाहिरात करणाऱ्या शाळेपुढे रांग कोण लावते? 'अजून काहीच कसे लिहीत नाही?' असे बाईंना दर आठवड्याला कोण विचारते? पालकांनी हे विचारणे सोडले आणि त्याऐवजी 'मुले किती वेळ खेळतात, रडणाऱ्याला कोण जवळ घेते, संडास स्वच्छ आहे का?' असे विचारू लागले, तर शाळांना बदलावेच लागेल.

घरातली खरी अडचण मात्र वेगळीच आहे. सकाळी घाईत मुलाच्या शर्टाला बटण आपण लावतो, कारण आपल्याला दहा सेकंद लागतात आणि त्याला पाच मिनिटे. ती पाच मिनिटे आपण शिकवणीवर्गाला पैसे देऊन विकत घेऊ पाहतो. जूनला अजून अवकाश आहे. उद्यापासून घड्याळाचा गजर थोडा अलीकडे लावावा आणि शर्ट मुलाच्या हाती द्यावा.