बँजोचे सोवळे-ओवळे

आयर्लंडच्या लोकसंगीताचे काही कैवारी बँजोचे नाव निघताच नाक मुरडतात. हार्प, फिडल आणि कोपराने भाता दाबून वाजवावयाचे पाइप्स ही घरची वाद्ये. बँजो मात्र अमेरिकेतून आलेला उपरा, असा त्यांचा सिद्धांत आहे. (वाचकांनी येथे आपल्या मिरवणुकांतले, कळा दाबून वाजवावयाचे वाद्य मनात आणू नये. ते जपानी ताइशोगोतोच्या कुळातले. त्यास बँजो म्हणू लागलो ते आपण. आम्ही बोलतो ते डफासारख्या कड्यावर कातडे ताणलेल्या, लांब दांडीच्या तंतुवाद्याविषयी.)

परंतु फिडल म्हणजे तरी काय? इटलीत घडलेले व्हायोलिनच ते. कॉन्सर्टिना ही एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात चार्ल्स व्हीटस्टनने काढली. या दोघांना पाटावर बसवून बँजोला ओसरीवर उभे करणे हा निव्वळ पंक्तिप्रपंच होय.

उरला नादाचा आक्षेप. फिडलचा स्वर गज फिरेल तोवर टिकतो. बँजोचा स्वर छेडताच खणखणतो आणि तत्क्षणी विझतो. हे खरे. पण रील नृत्याच्या धावत्या सुरावटीत हीच उणीव कामी आली. स्वर लांबविता येत नाही म्हणून वादक एका स्वराच्या जागी नखीचे तीन द्रुत आघात भरतो, आणि नाचणाऱ्याच्या पावलाला त्याहून स्पष्ट ठेका कोण देणार? १९२० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये माइक फ्लॅनगनने हे ध्वनिमुद्रिकांवर सिद्ध केले. पुढे १९६२ साली स्थापन झालेल्या ‘डब्लिनर्स’ मंडळीतील बार्नी मॅकेना याने चार तारांचा बँजो जी, डी, ए, ई असा, म्हणजे फिडलच्या नेमका एक सप्तक खाली, लावण्याची रीत लोकप्रिय केली. फिडलच्या गती त्याच बोटांनी बँजोवर उतरू लागल्या.

येथवर आम्ही बँजोच्या भक्तांच्या बाजूने आहोत. आमची खरी तक्रार मात्र त्यांच्याचविरुद्ध आहे. ते बँजोची कथा पुष्कळदा मॅकेनापासून, फार तर न्यूयॉर्कपासून आरंभितात. वस्तुतः हे वाद्य पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी, आपल्या मायभूमीतील भोपळ्याच्या तंतुवाद्यांच्या आठवणीवर, कॅरिबियन बेटांत व उत्तर अमेरिकेत घडविले. पुढे गोऱ्या नटांनी तोंडाला काजळी फासून त्याच माणसांची टवाळी करणारे खेळ मांडले, आणि १८४० नंतरच्या दशकात असल्याच पथकांनी बँजो आयर्लंडच्या रंगमंचावर नेला. ज्यांनी वाद्य दिले त्यांची विटंबना ही त्याच्या प्रवासाची शिदोरी ठरली!

यावर उत्तर येते की, संगीताच्या आनंदात इतिहासाची कटुता कालवू नये. हे कोणी सांगावे? १८४५ च्या दुष्काळाने देशोधडीला लागून समुद्रापार गेलेल्या पूर्वजांची गाणी जे आजही गहिवरून गातात, त्यांनी? त्याच अटलांटिकवरून बेड्या घालून नेलेल्यांचे नाव घेण्यास मग त्यांची जीभ का अडखळावी?