आधीं अदमास, मग रीत

वर्गमुळाची रीत आम्ही तीस वर्षें शिकविली. एकदां एका विद्यार्थ्यानें अंकांच्या जोड्या उजवीकडून पाडण्याऐवजीं डावीकडून पाडल्या आणि ५०० चें वर्गमूळ ७०.७ काढलें. आम्ही शून्य गुण देऊन मोकळे झालों. सत्तराचा वर्ग ४९०० होतो, हें त्याच्या ध्यानांत कां आलें नाहीं, याचा विचार केला नाहीं. दोष आमचाच, अदमास करावयास आम्ही शिकविलेंच नव्हतें.

आतां नातवास प्रथम विचारतों, “५० कोणत्या दोन वर्गांच्या मध्यें?”

“४९ आणि ६४.”

म्हणजे मूळ सातांहून किंचित् अधिक. वर उरलेल्या एकास साताच्या दुपटीनें, म्हणजे १४ नें, भागून तें सातांत मिळवावें, ७.०७१४ येतात. खरें मूळ ७.०७११. किंचिताचा वर्ग आपण सोडून दिला, एवढाच काय तो फरक.

बौधायन शुल्बसूत्रांतहि दोहोंचें मूळ असेंच अपूर्णांकांनीं जवळ आणलें आहे. तें पांच दशांशस्थळांपर्यंत बरोबर येतें.

मुलांचें उत्तर तपासण्यापूर्वीं “साधारण किती येईल, बाळ?” एवढें घरांतील वडीलधाऱ्यांनीं अवश्य विचारावें.