मन कोणापुढे उघडावे?

मानसशास्त्रज्ञाकडे जायचे ठरले की घरची मंडळी फीची चौकशी करतात, वेळ विचारतात आणि तिथे ओळखीचे कोणी भेटणार नाही ना, याची खात्री त्याहून आधी करून घेतात. समोर बसणारी व्यक्ती काय शिकली आहे आणि आपल्याहून वेगळ्या वळणाच्या माणसाकडे ती कशी पाहते, हे मात्र विचारायचे राहून जाते. साडी घेताना आपण पोत पाहतो. इथे तर आयुष्यभराची झाकली मूठ उघडायची असते. आमच्या मते ही चौकशी म्हणजे उद्धटपणा नव्हे. ती केलीच पाहिजे.

मानसशास्त्रज्ञाची जडणघडण त्याच्या उपचारात किती उतरते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकेतील कार्ल रॉजर्स. १९०२ साली शिकागोजवळच्या ओक पार्क येथे त्यांचा जन्म झाला. घर कमालीचे धार्मिक. नाच, पत्ते, नाटक, दारू सारे वर्ज्य. ते १२ वर्षांचे असताना कुटुंब शेतावर राहायला गेले. कॉलेजात त्यांनी आधी शेतीचाच विषय घेतला, मग धर्मोपदेशक व्हायचे ठरवले. १९२२ मध्ये ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या जागतिक परिषदेसाठी ते चीनला गेले. प्रामाणिक, सज्जन माणसेही धर्माबद्दल अगदी निराळी मते बाळगतात, हे तिथे त्यांना जवळून दिसले. पुढे न्यूयॉर्कला धर्मशिक्षण अर्धवट सोडून ते मानसशास्त्राकडे वळले.

त्यानंतर १२ वर्षे त्यांनी रॉचेस्टर येथे अडचणीतल्या मुलांसाठी काम केले. तिथला एक प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. एका दांडगट मुलाची आई त्यांच्याकडे येत असे. आईने लहानपणी मुलाला झिडकारले, हे दुखण्याचे मूळ, असे रॉजर्स यांचे निदान होते. ते तिला परोपरीने पटवून देत राहिले. काही उपयोग होईना. शेवटी दोघांनी थांबायचे ठरवले. ती दारापर्यंत गेली, वळली आणि तुम्ही मोठ्या माणसांनाही सल्ला देता का, असे तिने विचारले. मग परत बसून तिने आपल्या संसाराचे दुःख सांगायला सुरुवात केली. खरा उपचार तिथून सुरू झाला, आणि पुढे मुलातही सुधारणा झाली. कोठे दुखते हे दुखणाऱ्यालाच ठाऊक असते, हा धडा रॉजर्स यांनी यातून घेतला.

१९४२ च्या पुस्तकात त्यांनी 'रुग्ण' ऐवजी 'क्लायंट' हा शब्द वापरला. (मराठीत त्याची पंचाईतच आहे. अशील वकिलाचा, गिऱ्हाईक दुकानदाराचे!) १९५७ साली त्यांनी उपचारकाकडून तीन गोष्टी मागितल्या: समोरच्याचे जग त्याच्या नजरेने पाहणे, त्याला अटी न घालता स्वीकारणे आणि स्वतः मुखवटा न घालणे. स्वीकारणे म्हणजे त्याचे प्रत्येक वागणे योग्य ठरवणे नव्हे. दारू पिणाऱ्याला दारू चांगली असे कोणी सांगत नाही. पण तो माणूस म्हणून कमी ठरत नाही.

आपल्याकडे अडचण शब्दापासूनच आहे. 'समुपदेशन' या शब्दात उपदेश दडलेला आहे, आणि अनेक ठिकाणी तोच मिळतो. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला 'जमवून घे', परजातीत लग्न करू पाहणाऱ्या मुलीला 'आईवडिलांचा विचार कर', पस्तिशीतल्या अविवाहित माणसाला 'लग्न करा, सगळे ठीक होईल'. हे सांगायला शेजारीपाजारी पुरेसे आहेत. त्यासाठी फी कशाला?

रॉजर्स यांची पद्धत म्हणजे रामबाण औषध नव्हे. पुढे विस्कॉन्सिन येथे स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर ती वापरली, तेव्हा अपेक्षेइतके यश आले नाही. अशा आजारात औषधे लागतातच, आणि ती मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांनीच द्यायची असतात. मात्र उपचार कोणताही असो, माणसाला हिणवून तो होत नाही.

कायदाही आता याच बाजूचा आहे. समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक वा धार्मिक चौकटीत कोणी बसत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असे मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ सांगतो. समलिंगी आकर्षण 'बरे करून देतो' म्हणणारा डॉक्टर व्यावसायिक गैरवर्तन करतो, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले.

तेव्हा पहिल्या भेटीतच विचारावे: आपले शिक्षण कोणते? चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का? मी सांगेन ते घरच्यांना कळेल का? माझ्यासारख्या माणसांबरोबर आपण काम केले आहे का? जाणकार माणूस या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावतो, त्याच्याकडे दुसरी खेप घालू नये. गावात कोणीच नसेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. २०२२ पासून 'टेली मानस' ही सरकारी दूरध्वनी सेवाही आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवला की मराठीतही बोलता येते, पैसे पडत नाहीत.