डिस्चार्जनंतरचे तीस दिवस



आपल्या मंडळातल्या कुणाची अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाल्याचं कळलं, की डबे पोचवायला आणि हॉस्पिटलात सोबत करायला माणसं धावून येतात. याचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण पेशंट घरी आला की सगळे निर्धास्त होतात, आणि नेमकं तेव्हाच लक्ष द्यायला हवं असतं.

इथे अमेरिकेत अँजिओप्लास्टी झालेल्या साधारण दहांपैकी एकाला महिन्याभरात पुन्हा दाखल व्हावं लागतं. बायपासनंतरही ही वेळ अनेकांवर येते. ठरावीक आजारांचे पेशंट प्रमाणाबाहेर परत येत असतील तर मेडिकेअर २०१२ पासून हॉस्पिटलांचे पैसे कापतं. पुढे त्या यादीत बायपासही आली.

धोका जास्त कुणाला? उतारवयातल्यांना, मधुमेह, किडनीचा विकार, हार्ट फेल्युअर किंवा फुफ्फुसाचा जुना आजार असलेल्यांना, आणि अ‍ॅटॅक आल्यामुळे तातडीने प्रोसीजर करावी लागलेल्यांना. यातलं बरंचसं आता बदलता येत नाही. घरात जे घडतं ते मात्र बदलता येतं.

पहिली गोष्ट गोळ्यांची. स्टेंट बसवल्यावर अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेलसारखी गोळी सहसा काही महिने, अ‍ॅटॅकनंतर बहुधा वर्षभर घ्यावी लागते. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून किंवा दात काढायचा म्हणून ती परस्पर बंद केली, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. आई-बाबा भारतातून सहा महिन्यांचा साठा आणतात, त्यात आणखी एक घोळ होतो. इकोस्प्रिन एव्ही या एकाच कॅप्सूलमध्ये अ‍ॅस्पिरिन आणि अ‍ॅटॉरव्हास्टॅटिन दोन्ही असतात. इथले डॉक्टर तीच औषधं वेगवेगळ्या बाटल्यांतून देतात, आणि बाबा दोन्हीकडची घेत राहतात. म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच सगळ्या स्ट्रिप आणि बाटल्या टेबलावर मांडून नर्स किंवा फार्मासिस्टकडून एकच यादी करून घ्यावी.

बायपासनंतर किंवा हार्ट फेल्युअर असेल तर रोज सकाळी वजन करावं. दिवसात दोन-तीन किंवा आठवड्यात पाच पौंड वाढलं, तर ते बहुधा अंगात साठलेलं पाणी असतं. लगेच डॉक्टरांना फोन करावा. जखम लाल झाली, चिघळली किंवा ताप आला तरीही तेच. छातीत दुखू लागलं तर मात्र ‘गॅसेस असतील’ म्हणत ओवा चघळत बसू नये, ९११ लावावा. आणि पेशंटला भेटायला जाताना पापड, लोणचं, फरसाण नेऊ नका. तो खारटपणा त्याला महागात पडतो.

कार्डिअ‍ॅक रिहॅबची ३६ सत्रं मेडिकेअर देतं, तरी आपली मंडळी ‘घरीच चालतो की’ म्हणून ती टाळतात. डिस्चार्जच्या सूचना आईला इंग्रजीतून उमजत नसतील तर दुभाषा मागा. सरकारी निधी घेणाऱ्या हॉस्पिटलला तो फुकट द्यावा लागतो, आणि मराठी दुभाषा फोनवरूनही जोडून देता येतो.

एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना पहिल्या फॉलोअपला किंवा रिहॅबला नेणारं कुणी नसेल, तर त्यांनी संकोच न करता कार्यकारिणीला कळवावं. ज्यांच्याकडे गाडी आणि आठवड्यातली एखादी मोकळी दुपार आहे, त्यांनीही आपली नावं जरूर द्यावीत.

– संपादक